कंटेनर आणि कुबरनेटिस सुरक्षित करताना: कोकणातील लहान टीमसाठी कामाचा क्रम

अलिबाग, चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी अशा गावांत बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या दोन-चार जणांच्या टीम आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. हापूसच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी, होमस्टेचे आरक्षण, मालवण-तारकर्लीच्या डायव्हिंगच्या वेळा, नारळ-सुपारीच्या खरेदीचे हिशेब अशी कामे त्यांच्या प्रणाली सांभाळतात. यातील बहुतेक प्रणाली आज कंटेनरमध्ये चालतात: काही मुंबईतील क्लाउडच्या डेटा सेंटरमध्ये, तर काही कार्यालयाच्या कोपऱ्यातील एखाद्या सर्व्हरवर. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधून चालवण्याची पद्धत, आणि ज्या साच्यातून तो सुरू होतो ती इमेज. डॉकर हे कंटेनर बांधण्याचे व चालवण्याचे साधन आहे, तर अनेक यंत्रांच्या समूहावर (क्लस्टरवर) कंटेनर सांभाळणारी प्रणाली कुबरनेटिस, आणि तिच्यात एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाला पॉड म्हणतात. टीमच्या या प्रणालींच्या आत ग्राहकांचे पत्ते आणि फोन क्रमांक असतात, बागायतदारांची बँक खाती असतात. स्वतंत्र सुरक्षा अधिकारी नेमणे अशा टीमला परवडत नाही, म्हणून हाताशी असलेला वेळ कोणत्या कामावर आधी घालवायचा, हा प्रश्न तिच्यासाठी सर्वांत मोठा असतो. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने लिहिले आहे.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करायला हवा. कंटेनर हे स्वतंत्र यंत्र नसते. ती यजमान यंत्राच्या लिनक्स कर्नलवर (कार्यप्रणालीच्या गाभ्यावर) चालणारी एक प्रक्रिया असते. तिला काय दिसावे हे कर्नलचे नेमस्पेस ठरवतात आणि तिने किती मेमरी व प्रोसेसर वापरावा हे सीग्रुप ठरवतात. कलमांच्या बागेभोवतीचा चिऱ्यांचा गडगा हद्द दाखवतो, गुरे अडवतो, पण आत शिरायचेच ठरवलेल्या माणसाला तो अडवू शकत नाही. कंटेनरची मूळ मांडणी तेवढेच संरक्षण देते. फेब्रुवारी २०१९मध्ये कंटेनर सुरू करणाऱ्या रनसी या घटकात सापडलेल्या दोषामुळे (दोषांच्या सार्वजनिक यादीतील क्रमांक सीव्हीई-२०१९-५७३६) कंटेनरच्या आत रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) असलेला हल्लेखोर यजमानावरील रनसीची फाइलच बदलू शकत होता. जानेवारी २०२४मध्ये त्याच घटकातील दुसरा दोष (सीव्हीई-२०२४-२१६२६) उघड झाला. त्यातून यजमानाच्या फाइल व्यवस्थेपर्यंत पोहोचता येत होते आणि तो १.१.१२ या आवृत्तीत दुरुस्त करण्यात आला. असे दोष पुढेही सापडतील, म्हणून कंटेनरभोवतीच्या मर्यादा आपण स्वतः घालाव्या लागतात.

मात्र बहुतेक घुसखोरीला असा दुर्मीळ दोष लागतच नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये उघड झालेल्या घटनेत टेस्लाच्या क्लाउडमध्ये घुसलेल्या लोकांना कुबरनेटिसचा नियंत्रण फलक इंटरनेटवर पासवर्डविना उघडा सापडला होता. तेथील एका पॉडमध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडच्या किल्ल्या होत्या, आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून प्रोसेसरचा वापर मुद्दाम कमी ठेवून त्यांनी तिथे आभासी चलनाचे उत्खनन चालवले. एवढ्या मोठ्या कंपनीचे हे झाले, तर उघडी दारे शोधण्याचे काम आपल्याकडेही सर्वांत आधी व्हायला हवे.

बाहेरून काय दिसते ते आधी पाहावे

कार्यालयाच्या जोडणीवरून नव्हे, तर मोबाइलच्या डेटावरून लॅपटॉप जोडून, केवळ स्वतःच्या सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता एनमॅप या उघडी पोर्ट शोधणाऱ्या साधनाने तपासावा. डॉकरचे २३७५, कुबरनेटिसच्या सर्व आज्ञा घेणाऱ्या एपीआय सर्व्हरचे ६४४३, प्रत्येक यंत्रावर पॉड चालवणाऱ्या क्युबलेटचे १०२५०, क्लस्टरची माहिती साठवणाऱ्या ईटीसीडीचे २३७९, आणि डेटाबेसपैकी पोस्टग्रेसचे ५४३२, रेडिसचे ६३७९ आणि मोंगोडीबीचे २७०१७ यांपैकी एकही पोर्ट बाहेरून उघडे दिसत असेल, तर बाकीची सर्व कामे बाजूला ठेवून ते आधी बंद करावे.

२३७५बद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तेथील हल्ला अगदी यांत्रिक पद्धतीने होतो. या पोर्टवर डॉकर कोणतीही ओळख न विचारता आज्ञा स्वीकारतो. हल्लेखोराचे स्वयंचलित स्कॅनर असा पत्ता सापडताच एक नवा कंटेनर तयार करायला सांगतात, त्यात यजमानाची संपूर्ण मूळ डिरेक्टरी जोडून घेतात, मग क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीत) एक ओळ किंवा एसएसएचची (दूरून प्रवेशाची) एक किल्ली लिहितात आणि काही क्षणांत संपूर्ण यंत्र ताब्यात घेतात. किनसिंग हा घातक प्रोग्राम २०२०पासून उघड्या डॉकरवर असाच पसरताना नोंदला गेला आहे. डॉकरचे सॉकेट (त्याला आज्ञा देण्याची वाट) एखाद्या कंटेनरच्या आत जोडून देणे किंवा एखाद्याला डॉकर गटाचा सदस्य करणे याचाही परिणाम तोच, म्हणजे त्याला यजमानाचा रूट अधिकार देणे. देखरेखीच्या किंवा बिल्डच्या सोयीसाठी हे सर्रास केले जाते. ते बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे आणखी एक सापळा आहे. अनेकजण यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये ५४३२ बंद करतात आणि निश्चिंत होतात. परंतु डॉकर प्रकाशित केलेल्या पोर्टसाठी आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ रहदारी-नियमांत) स्वतःचे नियम घालतो आणि ती रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोहोचण्याआधीच वळवली जाते. त्यामुळे फायरवॉल ‘बंद’ म्हणत असतानाही डेटाबेस जगासाठी उघडा असतो. डॉकर कंपोजच्या (कंटेनरची मांडणी लिहिण्याच्या) फाइलमध्ये पोर्ट लिहिताना त्याच्या आधी १२७.०.०.१ हा पत्ता घालावा, म्हणजे ते यजमानापुरतेच राहते. डेटाबेस फक्त दुसऱ्या कंटेनरला लागत असेल, तर पोर्ट प्रकाशित करण्याची गरजच नसते.

क्लाउडवरील कुबरनेटिसचा एपीआय सर्व्हर ठरावीक पत्त्यांपुरता मर्यादित ठेवता येतो. घरगुती ब्रॉडबँडचा पत्ता सारखा बदलत असल्याने पुष्कळ जण कंटाळून तो सर्व जगाला खुला करतात. याला सोपा उपाय आहे: स्थिर पत्त्याचे एक लहान व्हर्च्युअल यंत्र घ्यावे, त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएन बसवावे, आणि एपीआय सर्व्हरला केवळ त्याच पत्त्यावरून प्रवेश द्यावा.

कंटेनरचे अधिकार काढून घेणे

डॉकर कंटेनरमधील प्रोग्राम, वेगळे सांगितले नाही तर, रूट म्हणून चालतो, आणि यूझर नेमस्पेस (आतल्या वापरकर्त्याला बाहेर वेगळा क्रमांक देणारी सोय) वापरले नसेल तर तो रूट आणि यजमानाचा रूट यांचा क्रमांक एकच, म्हणजे शून्य असतो. म्हणून प्रत्येक पॉडच्या सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये (सुरक्षेच्या मांडणीत) पाच गोष्टी लिहाव्यात: रन-ॲज-नॉन-रूट चालू, अलाउ-प्रिव्हिलेज-एस्कलेशन (अधिकार वाढवून घेणे) बंद, सर्व कॅपॅबिलिटी (रूटच्या अधिकारांचे सुटे भाग) काढलेल्या, सेककॉम्प (कर्नलकडे करता येणाऱ्या विनंत्यांची गाळणी) ‘रनटाइम डिफॉल्ट’, आणि मूळ फाइल व्यवस्था फक्त वाचनासाठी.

हे लिहिल्यावर प्रणाली पहिल्या दिवशी बंद पडण्याची शक्यता असते आणि तिथेच अनेकांचा धीर सुटतो, म्हणून काय बिघडते ते आधी माहीत असलेले बरे. डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधण्याच्या कृतीच्या फाइलमध्ये) वापरकर्त्याचे नाव लिहिले असेल, क्रमांक नसेल, तर हा वापरकर्ता रूट नाही याची खात्री क्युबलेटला करता येत नाही आणि पॉड सुरूच होत नाही. म्हणून नावाऐवजी १०००१सारखा क्रमांक लिहावा. फाइल व्यवस्था वाचनापुरती केली की तात्पुरत्या फाइली लिहिणारे प्रोग्राम अडतात. त्यांच्यासाठी टीएमपी डिरेक्टरीवर एक रिकामा एम्प्टी-डिर व्हॉल्यूम जोडावा. वेब सर्व्हर ८०वर ऐकत असेल तर त्याला ८०८०वर आणावे आणि सर्व्हिसमध्ये (पॉडकडे रहदारी नेणाऱ्या कुबरनेटिसच्या घटकात) जोडणी करून द्यावी. आधीपासून तयार असलेल्या व्हॉल्यूममधील फाइली रूटच्या मालकीच्या असतील, तर एफएस-ग्रुप (त्या फाइलींना लावायचा गट) लिहावा लागतो. एका प्रणालीपुरते हे निस्तरले की पुढच्या प्रणालीला तेच उत्तर चालते.

ही शिस्त माणसांच्या लक्षात राहण्यावर सोडू नये. जुनी पॉड-सिक्युरिटी-पॉलिसी कुबरनेटिस १.२५मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२२मध्ये, काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी पॉड सिक्युरिटी ॲडमिशन स्थिर झाले. त्यात कुबरनेटिसच्या नेमस्पेसवर (क्लस्टरमधील कप्पा; वरच्या कर्नलच्या नेमस्पेसपेक्षा वेगळा) एक लेबल लावले की ‘प्रिव्हिलेज्ड’, ‘बेसलाइन’ किंवा ‘रिस्ट्रिक्टेड’ यांपैकी एक पातळी लागू होते. आधी ‘वॉर्न’ आणि ‘ऑडिट’ (फक्त इशारा आणि नोंद) या प्रकारे ‘रिस्ट्रिक्टेड’ लावून कोणते पॉड नियमात बसत नाहीत ते पाहावे, ते दुरुस्त करावेत आणि मगच ‘एन्फोर्स’ (सक्ती) करावे. वाचनापुरती फाइल व्यवस्था असलीच पाहिजे, अशी अट मात्र ‘रिस्ट्रिक्टेड’ पातळीतही नाही. ती हवी असेल तर किव्हर्नोसारखे धोरणसाधन लागते.

कुबरनेटिस १.३३पासून पॉडसाठी यूझर नेमस्पेस मूळ मांडणीतच उपलब्ध आहेत. पॉडमध्ये ‘होस्ट-यूझर्स’ नाही असे लिहिले की आतला रूट बाहेर साधा वापरकर्ता ठरतो. यजमानाचा कर्नल आणि कंटेनर रनटाइम पुरेसे नवे असतील, तर ही एक ओळ अवश्य घालावी. मेमरीची मर्यादाही प्रत्येक कंटेनरला घालावी, अन्यथा एका प्रणालीत घुसलेला उत्खनन करणारा प्रोग्राम शेजारच्या प्रणालींनाही गुदमरवतो.

टोकन आणि गुपिते

कुबरनेटिस प्रत्येक पॉडमध्ये सर्व्हिस अकाउंटचे (प्रोग्रामसाठीच्या खात्याचे) एक टोकन, म्हणजे एपीआयशी बोलण्याचा परवाना, आपोआप ठेवतो. पेट्यांची नोंदणी करणाऱ्या वेब प्रणालीला क्लस्टरच्या एपीआयशी काहीच बोलायचे नसते. तरीही तिच्यात घुसलेल्याच्या हाती ते टोकन लागते. म्हणून ‘ऑटो-माउंट-सर्व्हिस-अकाउंट-टोकन’ बंद करावे आणि ज्या थोड्या पॉडना खरोखर गरज असेल त्यांना वेगळे अकाउंट द्यावे. क्लस्टर-ॲडमिन ही सर्वाधिकारी भूमिका कोणत्याही प्रणालीला देऊ नये. कुबसीटीएल या कुबरनेटिसला आज्ञा देण्याच्या साधनातील ‘ऑथ कॅन-आय’ ही आज्ञा त्या अकाउंटच्या नावाने चालवली की त्याचे सर्व अधिकार यादीने दिसतात. ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ज्याला एखाद्या नेमस्पेसमध्ये पॉड तयार करता येतो, तो त्या नेमस्पेसमधील कोणतेही सीक्रेट (कुबरनेटिसमध्ये ठेवलेले पासवर्ड किंवा किल्ली) आपल्या पॉडमध्ये जोडून वाचू शकतो, मग सीक्रेट वाचण्याचा वेगळा अधिकार त्याला नसला तरी.

सीक्रेटमधील मजकूर बेस-६४मध्ये असतो आणि ते कुलूप नव्हे. एका आज्ञेने तो उलगडतो. मूळ मांडणीत ईटीसीडीमध्येही तो कूटबद्ध नसतो, म्हणून स्वतः उभारलेल्या क्लस्टरवर साठवणुकीचे कूटलेखन चालू करावे आणि क्लाउडवर केएमएसची (क्लाउडच्या किल्ली सांभाळणाऱ्या सेवेची) किल्ली जोडावी. गिटमध्ये सीक्रेटची फाइल ठेवू नये. एकदा गेली तर नंतर पुसून उपयोग नाही, ती किल्लीच बदलावी. डॉकरफाइलचेही तसेच आहे. एका ओळीत आत घेतलेली किल्लीची फाइल पुढच्या ओळीत काढून टाकली, तरी ती खालच्या थरात जशीच्या तशी राहते, आणि बिल्डच्या वेळी आर्ग्युमेंट म्हणून दिलेला पासवर्ड इमेजच्या इतिहासात वाचता येतो. डॉकरच्या बिल्डकिटचे सीक्रेट माउंट (बिल्डपुरती किल्ली दाखवणारी सोय) याचसाठी आहे.

क्लाउडच्या यंत्रावर १६९.२५४.१६९.२५४ या मेटाडेटा सेवेच्या पत्त्याकडे लक्ष द्यावे. तिथून यंत्राची तात्पुरती ओळखपत्रे मिळतात, आणि वेब प्रणालीला हवा तो पत्ता उघडायला लावण्याचा दोष असेल तर बाहेरचा माणूस तीच ओळखपत्रे काढून घेतो. २०१९मधील कॅपिटल वनच्या माहितीचोरीत हाच मार्ग वापरला गेला. ॲमेझॉनवर मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती सक्तीची करावी आणि हॉपची (नेटवर्कमधील टप्प्यांची) मर्यादा १ ठेवावी, म्हणजे यजमानाच्या नेटवर्कवर नसलेल्या सामान्य पॉडपर्यंत उत्तर पोहोचत नाही.

क्लस्टरच्या आतील रहदारी

मूळ मांडणीत क्लस्टरमधील प्रत्येक पॉड प्रत्येक पॉडशी बोलू शकतो. मार्च २०२५मध्ये बाहेरची रहदारी क्लस्टरमध्ये घेणाऱ्या इंग्रेस-एनजिनएक्स या कंट्रोलरमध्ये उघड झालेल्या दोषात (सीव्हीई-२०२५-१९७४) पॉडच्या नेटवर्कवर पोहोचलेल्या कोणालाही ओळख न देता कंट्रोलरवर आपला कोड चालवता येत होता, आणि तो कंट्रोलर नेहमीच्या मांडणीत सर्व क्लस्टरमधील सीक्रेट वाचू शकत होता. आतील नेटवर्क मोकळे ठेवण्याची किंमत त्यावरून कळते. त्या प्रकल्पाच्या निवृत्तीची घोषणाही नोव्हेंबर २०२५मध्ये झाली आणि त्याची देखभाल मार्च २०२६पर्यंतच ठरवण्यात आली होती, म्हणून तो अजून वापरात असेल तर दुसऱ्या कंट्रोलरकडे किंवा गेटवे एपीआयकडे (त्याच कामाच्या नव्या पद्धतीकडे) जाण्याचे काम यादीत वर घ्यावे.

प्रत्येक नेमस्पेसमध्ये आधी सर्व येणारी-जाणारी रहदारी नाकारणारी नेटवर्क पॉलिसी घालावी आणि मग लागेल तेवढे उघडावे. नाकारणारी पॉलिसी घालताच सर्वांत आधी डीएनएस (नावावरून पत्ता शोधण्याची सेवा) बंद पडते आणि सगळेच मोडल्यासारखे वाटते. त्यासाठी पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्हींवर उघडावे. त्यानंतर वेब प्रणालीला डेटाबेसच्या ५४३२वर आणि पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या ४४३वर जाऊ द्यावे. पॉलिसी अमलात आणणारे नेटवर्क प्लगइन नसेल, तर ती फाइल कोणत्याही चुकीच्या संदेशाविना स्वीकारली जाते आणि काहीही अडवत नाही. एकटा फ्लॅनेल तसा आहे, कॅलिको आणि सिलियम पॉलिसी पाळतात. म्हणून एका पॉडमध्ये शिरून मनाई असलेला पत्ता उघडून पाहावा आणि तो खरोखर अडतो याची खात्री करावी.

इमेज कुठून येते

मूळ इमेज जितकी लहान, तितके आतील दोष कमी. डिस्ट्रोलेस (प्रोग्रामला लागेल तेवढेच असलेल्या) इमेजमध्ये शेलच, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची सोयच, नसते, त्यामुळे घुसलेल्या माणसाला हातपाय पसरायला साधने सापडत नाहीत. बिल्डची साधने पहिल्या टप्प्यात ठेवून अंतिम इमेजमध्ये फक्त तयार प्रोग्राम न्यावा. ‘लेटेस्ट’ हे इमेजचे लेबल (टॅग) वापरू नये. लेबल कधीही दुसऱ्याच इमेजवर हलवता येते, म्हणून शा-२५६ डायजेस्ट (इमेजच्या आशयावरून निघणारा ठसा) लिहावा. हाच न्याय पाइपलाइनलाही (आपोआप बिल्ड करणाऱ्या साखळीलाही) लागू आहे. मार्च २०२५मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’ गटातील बदललेल्या फाइली शोधणाऱ्या गिटहब ॲक्शनची (बिल्डमधील तयार पायरीची) जुनी लेबले घातक कोडकडे वळवली गेली आणि ती वापरणाऱ्या प्रकल्पांच्या किल्ल्या बिल्डच्या लॉगमध्ये छापल्या गेल्या. तेवीस हजारांहून अधिक प्रकल्प ती ॲक्शन वापरत होते. ज्यांनी लेबलाऐवजी कमिटचा (कोडच्या नेमक्या नोंदीचा) पूर्ण क्रमांक लिहिला होता, ते वाचले.

ट्रिव्ही किंवा ग्राइपसारखा इमेजमधील दोष शोधणारा स्कॅनर पाइपलाइनमध्ये जरूर असावा, पण त्याची शेकडो ओळींची यादी पाहून दडपून जाऊ नये. ज्या दोषाची दुरुस्ती उपलब्ध आहे आणि जो बाहेरून येणाऱ्या रहदारीच्या वाटेवर आहे, तो आधी घ्यावा. आपला कोड बदलला नसला तरी आठवड्यातून एकदा इमेज नव्याने बांधावी, कारण मूळ इमेजमध्ये दुरुस्त्या येतच असतात. सिफ्ट या साधनाने प्रत्येक इमेजमधील घटकांची यादी काढून ठेवावी. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावा प्रोग्राममध्ये लॉग लिहिणाऱ्या घटकाचा दोष बाहेर आला तेव्हा तो आपल्याकडे नेमका कुठे आहे, हे शोधण्यातच अनेकांचे दिवस गेले होते. कोसाइन या साधनाने इमेजवर डिजिटल सही करणे आणि ती क्लस्टरमध्ये तपासणे हे चांगलेच, पण वरची कामे झाल्याखेरीज त्याच्या मागे लागू नये.

पावसाळा, आवृत्त्या आणि बॅकअप

कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला साधारण चौदा महिने आधार मिळतो, म्हणजे वर्षातून एकदा तरी आवृत्ती बदलणे भाग आहे. आंब्याचा हंगाम आणि मेची गर्दी संपलेली असते, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून क्लाउडवरील क्लस्टरसाठी जुलै हा योग्य महिना आहे. कार्यालयातील सर्व्हरला मात्र हा महिना चालत नाही, कारण वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्याचे काम दसऱ्यानंतर, कोरड्या हवेत करावे.

३ जून २०२०चे निसर्ग चक्रीवादळ आणि जुलै २०२१चा चिपळूणचा महापूर यांनंतर बॅकअप त्याच इमारतीत ठेवण्याचा विचार कोणी करू नये. डेटाबेसची एक प्रत दुसऱ्या जिल्ह्यात किंवा क्लाउडवर, आणि क्लस्टरच्या रोजच्या किल्ल्यांनी पुसता येणार नाही अशा ठिकाणी असावी, कारण खंडणी मागणारे हल्लेखोर आधी बॅकअपच शोधतात. निदान तीन महिन्यांतून एकदा ती प्रत रिकाम्या यंत्रावर परत उभी करून पाहावी. मोबाइलचे टॉवर बंद पडले की एसएमएसने येणारा ओटीपीही येत नाही. त्यामुळे क्लाउडच्या मुख्य खात्याला हार्डवेअर किल्ली लावावी, तिची जोडकिल्ली पुण्या-मुंबईतल्या भागीदाराकडे ठेवावी आणि राखीव कोड कागदावर छापून कुलपात ठेवावेत.

घुसखोरीचा संशय आला तर

फाल्को हे साधन कर्नलमधील घडामोडी ईबीपीएफ या कर्नलच्या सोयीच्या साहाय्याने पाहते. त्याचे सगळे नियम एकदम चालू केले की इशाऱ्यांचा पूर येतो आणि मग कोणीच ते वाचत नाही. कंटेनरमध्ये शेल उघडले जाणे, मूळ इमेजमध्ये नसलेला प्रोग्राम चालणे आणि सर्व्हिस अकाउंटचे टोकन अनपेक्षित प्रक्रियेने वाचणे, एवढे तीन इशारे थेट फोनवर यावेत. बाकीचे लॉगमध्ये जाऊ द्यावेत. एपीआय सर्व्हरचा ऑडिट लॉगही क्लस्टरच्या बाहेर साठवावा.

संशयित पॉड लगेच पुसू नये, त्याबरोबर पुरावाही जातो. त्याचे लेबल बदलावे, म्हणजे सर्व्हिस त्याच्याकडे रहदारी पाठवणे थांबवते, आणि त्या नव्या लेबलासाठी सर्व काही नाकारणारी पॉलिसी आधीच लिहून ठेवलेली असावी. डिप्लॉयमेंट (पॉडची ठरलेली संख्या राखणारा घटक) लगेच नवा पॉड उभा करील, पण त्यातही तेच छिद्र असते, म्हणून सेवा तात्पुरती बंद ठेवण्याचा निर्णय बिचकत घेऊ नये. नोड (पॉड चालणारे यंत्र) कॉर्डन करावा, म्हणजे त्यावर नवे पॉड येत नाहीत, लॉग आणि डिस्कची प्रत काढावी, आणि त्या पॉडला ज्या किल्ल्या दिसत होत्या त्या सगळ्या बदलाव्यात: डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंटची किल्ली, क्लाउडची ओळखपत्रे. वापरात आली असेल किंवा नसेल, दिसत होती एवढे कारण पुरे आहे.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशानुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झालेल्या त्याच्या नियमांतील सुरक्षा व माहितीगळतीविषयीच्या जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतात. तेव्हापासून ज्यांची माहिती गेली त्यांनाही कळवावे लागेल. सहा तासांत तपास पूर्ण होत नसतो, म्हणून पहिल्या कळवण्यात घटना केव्हा लक्षात आली, कोणती यंत्रे व पत्ते बाधित आहेत, लक्षणे काय आहेत आणि आतापर्यंत काय केले, एवढेच लिहावे. त्या पत्राचा मसुदा आणि पाठवण्याचा पत्ता शांत दिवसांतच तयार करून दोन माणसांकडे ठेवावा, आणि सर्व यंत्रांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली असावीत, म्हणजे त्यात लिहिलेली वेळ लॉगमधील वेळेशी जमते.